चौथा कोपरा

सरजाबाई दुसऱ्याचं घर बघायला गेली की उंबऱ्याबाहेर चपला काढते. त्यात भक्तीचा काही भाग नाही, फरशी पायाला कळावी एवढ्यासाठीच. मग अनवाणी पायांनी ती सगळ्या खोल्या हिंडते, मध्येच टाच आपटते, पुढे जाते, परत मागे येऊन त्याच जागी टाच आपटते. घरमालक मागे मागे ‘या, बसा, चहा घ्या’ करत असतो. चहा घेतला की माणूस भिडेत सापडतो आणि मग त्याला भेगा दिसत नाहीत, असं तिचं मत आहे. तिची मतं मोडून काढणारं माणूस ताडकळसमध्ये अजून जन्माला यायचं आहे.

वय बासष्ट-त्रेसष्ट. अंगानं काटक, आवाज मोठा, शाळेशी कधी संबंध आला नाही. नवरा लिंबाजी गवंडी होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, म्हणून तीही मिस्त्रीच म्हणे. तीस वर्षं तिनं त्याच्या हाताखाली माल कालवला, विटा भिजवल्या, घमेली वाहिली. सहा वर्षांमागे लिंबाजी गेला आणि ती घरी बसली. पण बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. भावकीतल्या एकानं पूर्णेला घर घेताना तिला सहज सोबत नेलं. तिनं आतल्या दाराकडे नुसतं पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “हे दार वरून तासलंय. चौकट खचली हाय म्हणून तासलंय. चौकट कामून खचली ते इचारा.” विचारल्यावर मालकाचं तोंड उतरलं. तिथून तिचं नाव झालं. आता परभणीपासून पाथरीपर्यंत कुणाला जुनं घर घ्यायचं असलं की सरजाबाईला फोन येतो. ती यायचं-जायचं तिकीट आणि दुपारची भाकर घेते. वर काही दिलं तर रागावते.

पाथरीला एका घरात भिंतीवर हे एवढं मोठं कॅलेंडर होतं, तेही मागच्या वर्षीचं. “चालू साल लावायला पैसे न्हाईत का तुमच्याकडं?” म्हणत तिनं ते उचललं, तर मागे ओलीचा डाग, चांगला परातीएवढा. पण ती नुसती खोडच काढते असं नाही. गावातल्याच एका घराच्या भिंती भेगांनी भरल्या होत्या, गिऱ्हाईक पळून चाललं होतं. हिनं खराट्याची काडी मोडून एकेका भेगेत घालून पाहिली. काडी नखाएवढीही आत जाईना. “गिलावा फुटलाय, भीत न्हाई फुटली. घ्या खुशाल,” म्हणाली. घेणारे अजून त्या घरात सुखानं राहताहेत आणि दर दिवाळीला तिला फराळाचा डबा पाठवतात.

दलाल मंडळी तिला टरकून असतात. त्यांनी एकदा ठरवून तिला पावसाळ्यात एक घर दाखवलं. ती दारातूनच परत फिरली. आमच्या भागातली काळी माती पाऊस प्याली की फुगते आणि भिंतीच्या भेगा मिटून टाकते, वैशाखात सुकली की परत उघड्या करते. म्हणून सरजाबाई घर बघणार ती उन्हातान्हात, डोक्यावर पदर आणि हातात पाण्याची बाटली घेऊन.

आणखी एक सवय लोकांच्या लक्षात आली होती. कोणतंही घर असो, फरशी झाली, दारं झाली, की ती सरळ मागच्या खोलीच्या कोपऱ्यात जाते आणि तिथं जरा जास्तच वेळ उभी राहते. लोकांना वाटे, काहीतरी धंद्यातलं गुपित असणार. गुपित होतं खरं, पण ते धंद्यातलं नव्हतं.

या वैशाखात तिला फोन आला तो लेकीचाच. प्रियांका जिंतूरला नर्स आहे, जावई बालाजी तिथंच बी-बियाण्याच्या दुकानात कामाला. सहा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली त्यांनी, पोरगीही तिथंच झाली.

“माय, एक घर बघितलंय. तू ये, बघून जा. पर कुठलं ते सांगनार न्हाई. आल्यावर बघ.”

“घर काय लग्नातला आहेर हाय का झाकून दाखवायला?”

“तू ये तर खरं. आमाला लय आवडलंय. आन वर एक मजला चढवायचा हाय. वरची खोली तुझी. ताडकळसचं दार लावून घ्यायचं आन हिकडं यायचं. आता लय झालं एकटीनं राहायचं.”

सरजाबाईनं फोन ठेवला आणि बराच वेळ चुलीपुढे बसून राहिली. एकटीनं राहायचा तिलाही कंटाळा आला होता, पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीनं न सांगता ओळखलं, याचं तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून ती परभणीला उतरली, तिथून जिंतूरच्या गाडीत बसली. स्टँडवर प्रियांका आणि बालाजी दोघं घ्यायला आले होते. ऑटो बाजारातून वळला, एका मारुतीच्या देवळाशी डावीकडे गेला, आणि सरजाबाईनं ऑटोची दांडी घट्ट धरली. ही गल्ली. अठ्ठावीस वर्षांत ती जिंतूरला पन्नासदा आली असेल, पण या गल्लीत तिनं पाऊल टाकलं नव्हतं. लेकीचं घर जवळ असूनही ती लांबच्या रस्त्यानं जायची.

ऑटो थांबला. पुढे ओटा, दोन पायऱ्या, निळं दार.

प्रियांकाच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं. “वळखलं का? बाबांनी बांधलेलं घर हाय माय. घरवाल्या काकूंनी मला परवा सांगितलं, लिंबाजी मिस्त्रीचा हात हाय म्हनून. मी म्हनलं, त्यांचीच लेक हाय मी. मला तर रडूच आलं. तवाच ठरवलं, घेतलं तर हेच घेनार.”

“वळखलं,” सरजाबाई म्हणाली.

घरमालकीण उमादेवी दारातच उभ्या होत्या. कपाळावर विभूतीची बोटं, केस कापसासारखे, कमरेत वाकलेल्या. त्यांचे यजमान रामलिंगअप्पा कापडाचे व्यापारी. ते वारून दोन वर्षं झाली होती. आता उमादेवी घर विकून लातूरला लेकीकडे, शिवानीकडे, जायला निघाल्या होत्या. त्यांनी सरजाबाईला पाहिलं आणि दोन्ही हात पसरले.

“सरजा! म्हातारी झालीस की गं.”

“तुमी कुठं तरुन राह्यलात अक्का?” सरजाबाई म्हणाली. दोघी हसल्या आणि दोघींच्याही डोळ्यांना पदर गेला.

“चहा टाकते.”

“आधी घर बघते,” सरजाबाई म्हणाली, आणि पायऱ्यांखाली चपला काढल्या.

इथं एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. अठ्ठावीस वर्षांमागे, ज्येष्ठ लागता लागता या घराच्या पायाचं काम चाललं होतं. या मुलखात पाया खोदायचा म्हणजे वरची काळी माती संपून खाली पिवळा मुरूम लागेपर्यंत खोदायचा. मातीवर भिंत उभी केली तर ती मातीबरोबर वरखाली होणार आणि फाटणार. तीन कोपऱ्यांत मुरूम लागला होता. चौथा मागचा कोपरा तेवढा हट्टाला पेटला होता, खाली जावं तेवढी काळीच माती. लिंबाजी खड्ड्यात, सरजाबाई काठावर, वर आलेलं घमेलं ओढून घ्यायला. तिला नववा महिना चाललेला. तो दहादा म्हणाला असेल, “तू बस, कुनी दुसरं धरंल.” पण बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, हे वर आलंच आहे.

“अजून दीड हात जावं लागंल,” लिंबाजी खालून म्हणाला. आणि तेवढ्यात तिला कळा सुरू झाल्या.

रामलिंगअप्पांनी कुणाची तरी जीप आणली. दवाखान्यात दोन दिवस ती जगते का मरते अशी होती. लिंबाजी व्हरांड्यातून हलला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रियांका झाली. इकडे आभाळ भरून आलं होतं. खड्ड्यांत पाणी साचेल म्हणून घाई करून अप्पांनी हाताशी होती ती माणसं लावली आणि चारी बाजूंचा दगडी पाया भरून घेतला. त्या माणसांना चौथ्या कोपऱ्याचं काय ठाऊक? तिसऱ्या दिवशी लिंबाजी कामावर गेला तोवर वर विटा लागल्या होत्या.

तो परत आला तेव्हा सरजाबाईनं खाटेवरूनच विचारलं, “कोपरा?”

“झाला,” तो म्हणाला. आणि बाळाचं अंगडं सारखं करायला लागला.

वीस दिवसांनी ती पोर झोळीत घालून कामावर गेली. खोदून काढलेल्या मातीचे चार ढीग अजून तसेच होते. तीन ढिगांच्या माथ्यावर पिवळा मुरूम होता. चौथा ढीग वरपासून खालपर्यंत काळा. ती त्या ढिगाकडे पाहत उभी राहिली. लिंबाजीनं तिला पाहताना पाहिलं. तो काही बोलला नाही, तीही बोलली नाही.

का बोलली नाही? बोलावं तर पाया उकलावा लागणार, मालकाचं नुकसान, नवऱ्याचं नाव जाणार. आणि झालं कशामुळं? तिच्यामुळं. ती ऐकून बसली असती, तर कळा चार दिवस पुढे गेल्या असत्या, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं होतं. पुढे दोघांनी मिळून सत्तर-ऐंशी घरं उभी केली. लिंबाजी ओळंबा लावून एकेक वीट बसवायचा, सूतभर चुकली तरी भिंत उतरवायचा. लोक म्हणत, मिस्त्री सोन्यासारखा माणूस. तीही म्हणे. पण तिच्या मनात कुठंतरी तो काळा ढीग तसाच होता. हा माणूस आपल्याशी एकदा खोटं बोलला, हे ती विसरू शकली नाही. आणि प्रत्येक परक्या घराच्या मागच्या कोपऱ्यात ती जी उभी राहायची, ती याच्यासाठी.

आता ती खुद्द त्या घरात होती.

तिनं नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावला. पुढच्या खोलीतल्या शहाबादी फरश्या टाचेनं आपटून पाहिल्या, दोन पोकळ निघाल्या. दारं उघडून मिटून पाहिली. न्हाणीत तांब्याभर पाणी ओतलं, ते मोरीकडे जायच्या ऐवजी उंबऱ्याकडे आलं. “हा उतार मिस्त्रीचा न्हाई,” ती लगेच म्हणाली. उमादेवी म्हणाल्या, “न्हाई गं, फरशी मागून बसवली.” शेजारणीला हाक मारून बोअरचं पाणी वैशाखात किती तास चालतं ते विचारलं. गच्चीवर जाऊन पाणी तुंबल्याचे डाग शोधले. बालाजी मागे मागे होता. त्याला वाटलं सासूबाई आज फारच बारकाईनं बघताहेत. खरं तर सासूबाई मागच्या खोलीत जायचं टाळत होत्या.

शेवटी जायला लागलंच.

कोपऱ्यात एक लोखंडी पेटी होती. तिनं ती बालाजीला सरकवायला लावली. खाली बसून तळहात भिंतीवर फिरवला. नखानं रंग खरवडून पाहिला, रंग जुनाच होता, तिच्या अंदाजानं पाच-सहा वर्षांचा. बोटांनी ठोकलं. खालपासून छतापर्यंत नजर नेली. एकही भेग नव्हती. खराट्याची काडी हातातच राहिली.

दुसऱ्या कुठल्या घरात असं दिसलं असतं तर तिनं ‘घ्या खुशाल’ म्हटलं असतं. पण इथं खाली काय आहे ते तिला माहीत होतं. मातीवरच्या कोपऱ्याला अठ्ठावीस वैशाखांत भेग नाही, हे होणंच शक्य नव्हतं. म्हणजे लपवलंय. सहा वर्षांखाली कुणीतरी भरून, घोटून लपवलंय. आणि याच्यावर पोरगी मजला चढवणार, आपल्यासाठी!

“काय माय?” प्रियांका दारात उभी होती. “पसंत हाय ना?”

सरजाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. पोरीचं तोंड असं फुललेलं तिनं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. बाबांचं घर. ‘पसंत हाय’ एवढं म्हटलं की झालं. भिंत उभी आहे, अजून दहा वर्षंही राहील कदाचित. नाही म्हटलं, तर का ते सांगावं लागेल, आणि लिंबाजी स्वतःची बाजू मांडायला जिवंत नाही. मेलेल्या माणसाचं नाव त्याच्याच लेकीसमोर घालवायचं? तिला मिस्त्रीची इतकी आठवण आली की पेटीवर बसावं लागलं.

पण याच भिंतीखाली तिची नात झोपणार होती.

“हे घर घ्यायचं न्हाई,” ती म्हणाली.

“काय?”

“घेतलं तरी वर मजला चढवायचा न्हाई. हा कोपरा काळ्या मातीवर हाय. खाली मुरूम न्हाई. दीड हात खोदायचं राह्यलं होतं.” ती उमादेवींकडे वळली. “अक्का, माफ करा. तुमच्या दारात उभं राहून तुमचा सौदा मोडायले मी. पर मला म्हाईत हाय. मी तितंच होते.”

प्रियांकाचा चेहरा उतरला. “बाबांनी असं कसं सोडलं?”

“सोडलं न्हाई. मला कळा आल्या. तुझ्या टायमाच्या. मला घेऊन दवाखान्यात पळाले, हितं दुसऱ्यांनी दगड भरले.” सरजाबाईचा आवाज आता मोठा राहिला नव्हता. “मग मला म्हनले, झाला कोपरा. झाला नव्हता. त्याच्यावरच भीत उभी केली. एवढं एकच चुकले बाई तुझे बाबा. त्यांना बोल लावू नको. चूक माझी हाय, मला बस म्हनले तवा मी बसले न्हाई.”

उमादेवी हळूहळू पुढे आल्या आणि पेटीवर सरजाबाईच्या शेजारी बसल्या.

“सरजा, तुला लिंबाजीनं सांगितलंच न्हाई का?”

“काय?”

“अगं, ती भीत फाटली होती. घर झाल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात. दोन बोटं जातील एवढी भेग. यजमानांनी निरोप धाडला. लिंबाजी आला, भेग बघितली आन हात जोडून खालीच बसला. सगळं सांगितलं त्यानं. दवाखाना, दीड हात, सगळं. म्हनला, अप्पा, तुमी पोलिसात द्या, न्हाईतर मला नऊ दिवस द्या. नऊ दिवस तो त्या कोपऱ्याखाली होता. हातभर खोदायचा, दगड भरायचा, सुकू द्यायचा, मग पुढचं हातभर. वरच्या भितीला बल्ल्यांचे टेकू. यजमान घाबरत घाबरत कंदील धरून बसायचे. तुझ्या नवऱ्यानं एक रुपाया घेतला न्हाई.”

“मला कामून न्हाई सांगितलं?”

“मीच इचारलं त्याला. म्हनला, तिला कळलं तर ती म्हनंल, माझ्यामुळं झालं. आयुष्यभर मनाला लावून घेईल. अक्का, तुमी बोलू नका, म्हनला. मी न्हाई बोलले. मला वाटलं, पुढं कवातरी त्यानंच सांगितलं असंल.”

सरजाबाईला ते नऊ दिवस आठवले. लिंबाजी पाथरीला एका देवळाचा ओटा बांधायला म्हणून गेला होता. परत आला तो रिकाम्या हातानं, दोन्ही ढोपरं सोललेली. ‘मालकानं पैसे बुडवले’ म्हणाला. ती त्याच्याशी कडाकडा भांडली होती. असा कसा बावळट माणूस, कुणीही येतो आणि फसवून जातो, असं बरंच काही बोलली होती. तो मान खाली घालून भाकरी खात राहिला होता. म्हणजे तो एकदा नाही, दोनदा खोटं बोलला होता.

कुणाला वाटेल, एवढं ऐकल्यावर तिनं उमादेवींच्या गळ्यात पडावं. पण सरजाबाई ती सरजाबाईच. पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि उठली.

“ऐकून घर घेत न्हाई मी. खोदून बघते.”

“माय!” प्रियांका म्हणाली.

“माय काय? अक्का खोटं बोलायल्यात असं न्हाई म्हनत मी. पर सांगितलेल्यावर मजला चढत न्हाई.”

“खोदू दे तिला,” उमादेवी म्हणाल्या. “लिंबाजी असता तरी त्यानं खोदायलाच लावलं असतं.”

दुपार कलली, मागच्या बोळात सावली आली, तेव्हा बालाजीनं शेजाऱ्याकडून टिकाव आणि फावडं आणलं. बिचारा दुकानातला माणूस, हाताला फोड यायला वेळ लागला नाही. वैशाखातली माती दगडासारखी. आधी पाणी ओतायचं, थांबायचं, मग घाव घालायचा. सरजाबाई काठावर उभी राहून घमेली ओढून घेत होती. प्रियांका म्हणाली, “माय, तू बस, मी धरते.” सरजाबाईनं पहिल्यांदाच ऐकलं आणि बसली. पण दोन घमेल्यांनंतर परत उठली.

कमरेएवढं खोदल्यावर पायाचा मूळ थर दिसला, मोठे काळे दगड, घाईघाईनं रचलेले, सांध्यांत माल कमी. त्या दुसऱ्या माणसांचं काम. बालाजी आणखी खाली गेला. छातीएवढा खड्डा झाला. मोठे दगड संपले.

“आता खाली काय हाय? माती?” सरजाबाईनं विचारलं.

“माती न्हाई. दगडच हायेत. बारीक हायेत जरा.”

“अजून दोन हात खोदा, मग वर या तुमी.”

तेवढं खोदून जावई वर आला. त्यानं धरलेल्या शिडीवरून सरजाबाई खाली उतरली, लुगड्याचा काष्टा मारून, या वयात. खड्डा अरुंद होता, एक माणूस कसाबसा मावेल एवढा. तिनं तळहातानं माती पुसून काढली. दगड लहान होते, एका माणसाला पालथं पडून आत सरकवता येतील एवढेच. पण एकेक घडवलेला, एकमेकांत नीट बसलेला, सांधा मालानं गच्च भरलेला आणि वरून थापीच्या टोकानं ओढून रेखीव केलेला. मातीत गाडून टाकायच्या दगडांचा सांधा कोण ओढत बसतो? ज्याला कधी कुणी बघणार नव्हतं, त्या कामाचाही त्यानं सांधा ओढला होता. हा हात तिनं तीस वर्षं रोज पाहिला होता.

तिनं दगडांना हात लावत लावत खाली मोजलं. शेवटच्या थराखाली बोटं घातली आणि चिमूट बाहेर काढून उजेडात धरली. पिवळा, भरड, कोरडा मुरूम.

खोटं बोलून तीन वर्षं झाल्यावर, बायकोला सांगून जिवाला घोर लावायच्या ऐवजी, या माणसानं नऊ दिवस भिंतीखाली पालथं पडून ते खोटं खरं करून ठेवलं होतं. आणि सरजाबाई त्याच्या शेवटच्या आजारातही, त्याचे पाय चेपताना, मनातल्या मनात त्याला मोठ्या मनानं माफ करत बसली होती. ज्याबद्दल माफ करायचं ते केव्हाच उरलं नव्हतं. तिला लाज वाटली, आणि त्याच्याहून जास्त त्याचा राग आला, आणि त्या रागातच ती हुंदके देऊन रडायला लागली, खड्ड्यात उभी राहून, लेकी-जावयासमोर.

“माय!” प्रियांका काठावर गुडघे टेकून वाकली. “काय हाय गं खाली?”

“मुरूम हाय.” तिला नीट बोलता येईना. “घर घे तू. मजला चढव, भ्यायचं कारन न्हाई. पर औंदा नको, पावसाळा जाऊ दे.”

“बरं. ये आता वर.”

“येते. तुमी जा, अक्कांना च्या ठेवायला सांगा. आता घेते मी च्या.”

दोघं गेली. बोळात कुणी नाही असं पाहून सरजाबाईनं त्या लहान दगडांवर कपाळ टेकवलं.

“मिस्त्री,” ती म्हणाली, “त्या दिशी मी तुमाला लय बोलले वो. तुमी भाकर खात होता.”